मॉरिशसच्या व्यापारी वाऱ्यांसाठी काईट: 12 आणि 9, की 9 आणि 7?

उनाडपक्षी

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये दोन आठवडे मॉरिशसला जातोय, मुक्काम ल मोर्नच्या (बेटाचं नैऋत्य टोक) जवळ. काईटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीवर पाण्यावर बोर्ड चालवणं) गोव्यात शिकलो, मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर. म्हणजे आजवरचं सगळं दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर: 12 ते 14 नॉट (ताशी सागरी मैल), नशीब असेल तर 16. वजन 78 किलो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढता येतं, दोन्ही बाजूंना वळता येतं, उड्या अजून यथातथाच. इतके दिवस शाळेचं सामान वापरलं, आता स्वतःचं घ्यायचंय. बायकोही खेळते. वजन 54 किलो, हात माझ्यापेक्षा बरा (हा धागा ती वाचणार आहे).

माझा विचार असा: एक 12 चा काईट (म्हणजे 12 चौरस मीटर कापडाचा), एक 9 चा. 12 हातात बसलाय, 9 जोराच्या दिवसासाठी. दुकानदार म्हणतो 14 पण घेऊन ठेवा. बजेट मर्यादित आहे, एखादी वस्तू वापरलेली चालेल. बोर्ड, हार्नेस (काईट अडकवायचा कमरेचा पट्टा), बार (काईट आवरायचा दांडा), काहीच नाहीये. बोला.

खाराखुरा

14 विसरा. तो दुकानदाराच्या गोदामातून हलायला हवाय, तुमच्या बॅगेत यायला नको.

गोव्याचा वारा आणि हा वारा यांची जातच वेगळी. तिथे तुम्ही वाऱ्याची वाट बघता, इथे सकाळी उठता तेव्हा माडाच्या झावळ्या आधीच आडव्या झालेल्या असतात. ऑगस्टमध्ये 18 ते 25 नॉट ही रोजची गोष्ट धरा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 12 नॉटपेक्षा 20 नॉटला तेवढ्याच कापडावर जवळजवळ पावणेतीन पट जोर. 12 चा काईट तुमच्या हाताला सवयीचा आहे तो 12-14 नॉटला. 22 नॉटला तोच काईट तुम्हाला सरळ रीफकडे (प्रवाळाच्या भिंतीकडे) घेऊन जाईल.

ढोबळ हिशेब: वजन किलोमध्ये भागिले वारा नॉटमध्ये, गुणिले 2.3. तुमच्यासाठी 20 नॉटला 9, 25 नॉटला 7. मग 9 हा जोराच्या दिवसाचा काईट राहतच नाही, तो रोजचा होतो. जोराच्या दिवसासाठी 7. जोडी 9 आणि 7 ची.

अनुस्वार

खाराखुरा, तुमचे दोन्ही नियम एकमेकांशी भांडतायत. जोर वर्गाच्या प्रमाणात वाढतो म्हणता, मग कापडही वर्गाच्या प्रमाणात कमी व्हायला हवं. 14 नॉटला 12 चा काईट धरला तर 24 नॉटला 4 चौरस मीटर यायला हवेत. तुमच्या सूत्राने येतात जवळजवळ साडेसात. कुठला खरा?

खाराखुरा

वाटच बघत होतो, कोणीतरी इंजिनियर येणारच म्हणून :)

दोन्ही खरे. काईट एका जागी टांगून ठेवला तर तुमचा वर्गाचा हिशेब बरोबर. पण तसा कोणी खेळत नाही. कमी वाऱ्यात आपण काईट सारखा वरखाली फिरवतो, धावता काईट स्वतःचा वारा स्वतः तयार करतो आणि त्याला लागणारा जोर तिथून मिळतो. म्हणून 14 नॉटला प्रचंड कापड न घेताही भागतं. जोराच्या वाऱ्यात उलट: काईट एका जागी उभा करायचा, बार थोडा लांब सोडायचा, काही जोर वाया घालवायचा. या दोन सवयींमुळे प्रत्यक्षातला उतार वर्गाइतका तीव्र राहत नाही. 24 नॉटला 4 चा काईट तुम्हाला 78 किलोसकट पाण्यावर उभा करील, पण बोर्डाच्या कडेवर वाऱ्याविरुद्ध वर चढवणार नाही. शिवाय लहान काईट इतका चपळ वळतो की नवख्याचा गोंधळ उडतो.

अनुस्वार

पटलं. म्हणजे तुमचं सूत्र अनुभवाचं आहे, पदार्थविज्ञानाचं नाही. तसं आधी लिहिलं असतं तर भांडलो नसतो.

मोरिशसवासी

मी फ्लिक आं फ्लाकला राहतो, कामानिमित्त इकडे येऊन बरीच वर्षं झाली. ल मोर्न गाडीने फार लांब नाही, हिवाळ्यात शनिवार-रविवार तिथेच जातात. (इकडचा हिवाळा म्हणजे जून ते सप्टेंबर.)

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. 'व्यापारी वारे' म्हटलं की शाळेच्या भूगोलातले ते सरळ बाण डोळ्यांपुढे येतात, रोज सारखे, कधी न थांबणारे. मॉरिशसला तसं नसतं. बेटाच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर जास्त दाबाचा पट्टा असतो, मास्करेन हाय म्हणतात तो. त्यातून निघणारा वारा इथे आग्नेयेकडून येतो. पण हिवाळ्यात हा जास्त दाब एका जागी बसत नाही, एकामागून एक केंद्रं पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातात. एखादं दणकट केंद्र, 1035 हेक्टोपास्कलच्या पुढचं, बेटाच्या दक्षिणेला आलं की इथे तीन-चार दिवस धुमाकूळ, 25 च्या वर, झोत 30 चे. स्थानिक लोक नुसतं 'आंतिसिक्लोन' म्हणतात आणि कपडे वाळत घालायचे थांबतात. मग ते पुढे सरकतं, दोन केंद्रांच्या मधल्या फटीत वारा 12-14 वर येतो किंवा पडतोच. दोन आठवड्यांत हे दोन्ही प्रकार बघायला मिळण्याची शक्यता चांगली.

तेव्हा 9 आणि 7 ला माझं अनुमोदन. पण त्या मधल्या दिवसांसाठी 12 विकत घेऊ नका, इथे भाड्याने घ्या. बहुतेक शाळा देतात.

डच_काका

मी उत्तर समुद्रावर खेळतो, त्यामुळे 'वारा कमी पडेल' ही भीती मला समजते. तरी थोडं विरुद्ध बोलतो. 78 किलोच्या माणसाने 10 आणि 7 का घेऊ नये? 10 चा काईट 15 नॉटला चालू होतो आणि आजकालचे काईट 22-23 पर्यंत सहज आवरता येतात. भाड्याच्या 12 ची गरजच पडणार नाही. भारतात परत आल्यावर 10 गोव्यातही अधूनमधून उडेल, 9 कपाटात पडून राहील.

खाराखुरा

यात तथ्य आहे. ज्याला आकाशात जायचंय तो 10 घेईल. पण धागाकर्त्याच्या उड्या 'यथातथाच' आहेत हे त्याने स्वतः लिहिलंय. नव्या समुद्रावर, पायाखाली प्रवाळ असताना, पहिल्या दिवशी काईट थोडा लहानच असावा. कमी जोराने चिडचिड होते, जास्त जोराने दवाखाना.

मोरिशसवासी

10 विरुद्ध 9 मध्ये डोंगराचाही विचार करा. ल मोर्न ब्राबां हा 556 मीटरचा सुळका किनाऱ्याला लागूनच उभा आहे. वारा आग्नेय किंवा दक्षिण-आग्नेय असेल तर लगूनमध्ये (रीफच्या आतल्या उथळ पाण्यात) स्वच्छ येतो, त्यासारखा वारा नाही. पण तोच पूर्वेकडे कलला की डोंगराच्या अंगावरून तुटक तुटक येतो, 15 चे 27 होतात आणि परत 15. अशा दिवशी सरासरी बघून काईट निवडणाऱ्याला सगळ्यात मोठा झोत किती आहे हे पाण्यात गेल्यावर कळतं. मी झोत बघून निवडतो.

उनाडपक्षी

किती छान माहिती मिळतेय. म्हणजे 9 आणि 7 (किंवा 10 आणि 7, हे रात्री भांडून ठरवतो). आता प्रश्न जातीचा. दुकानात तीन पट्ट्यांचे, पाच पट्ट्यांचे, लाटांचे, उड्यांचे असे प्रकार दाखवले. नावं ऐकूनच दमलो.

जलपरी_ठाणे

इथे मी बोलते. पट्ट्या म्हणजे काईटला आडव्या हवा भरलेल्या नळ्या. पाच नळ्यांचा काईट ताठ राहतो, जोराच्या वाऱ्यात आकार सोडत नाही, उंच नेतो. कॅब्रिन्हा स्विचब्लेड, नॉर्थ ऑर्बिट, ड्युओटोन रेबेल या जातीचे. तीन नळ्यांचा हलका, पटकन वळतो, आणि दोऱ्या ढिल्या पडल्या तरी पाण्यात कोसळण्याऐवजी वाऱ्याबरोबर तरंगत मागे सरकतो. लाटेवर उतरताना हाच गुण हवा असतो, कारण तुम्ही काईटच्या दिशेने धावता आणि दोऱ्या सैल होतात. ड्युओटोन निओ, ओझोन रिओ, कॅब्रिन्हा ड्रिफ्टर हे त्यातले.

उनाडपक्षी, तुम्हाला लाटांवर जायचंय का? वन आयचं नाव ऐकून जात असाल तर थांबा. ती डावीकडे फुटणारी लाट आहे, खाली धारदार रीफ, आणि बाजूच्या रीफमधल्या खिंडीतून पाणी बाहेर खेचलं जातं. जगभरचे पट्टीचे लोक तिथे येतात आणि बोर्ड मोडून परत जातात. तुमच्यासाठी लगून. आणि लगूनसाठी यातला कुठलाही काईट चालतो, खरंच. पाण्यातून पुन्हा सहज उठणारा हवा, एवढं एकच बघा. त्यात तीन नळ्यांचा साधा फ्रीराईड (रमतगमत खेळायचा) प्रकार उत्तम.

तुमच्या बायकोबद्दल मात्र कोणी काहीच लिहिलं नाही. 54 किलो, हात चांगला. तिला 20 नॉटला 6, 25 ला 5. तुमचा 7 हा तिचा हलक्या दिवसाचा काईट. तेव्हा दोघांत मिळून 9, 7 आणि 5 घ्या. ज्या दिवशी तुम्ही 9 वर त्या दिवशी ती 7 वर, तुम्ही 7 वर आलात की ती 5 वर.

वाचनमात्र

+1. एकाच संसारात तीन काईट, दोन बार. वाचनखूण साठवली.

उनाडपक्षी

बायको म्हणते 'या बाईंना माझा नमस्कार सांग'. 10 चा प्रश्नही सुटला, कारण 10-7-5 मधली पहिली उडी जास्त मोठी वाटते. 9-7-5 पक्कं. 7 नवीन घेऊ कारण तो दोघंही वापरणार, 9 आणि 5 वापरलेले शोधतो. वापरलेल्यात काय बघायचं?

डच_काका

कापड आधी. बोटांत चुरून बघा. नवं कापड कागदासारखं कुरकुरतं, उन्हाने मेलेलं मऊसूत, धुतलेल्या मलमलीसारखं लागतं. तसं असेल तर फुकट दिला तरी नको. व्यापारी वाऱ्यांच्या प्रदेशातून आलेले काईट या बाबतीत जास्त संशयाने बघा, वर्षातले कित्येक महिने रोज उन्हात आणि वाळूवर पडलेले असतात. शाळांचे तर विशेष.

मग पुढची मोठी नळी. तिच्या शिवणीवरून आणि टोकांवरून हात फिरवा, वाळूवर घासून दोरा उसवलेला असतो. काईट पूर्ण भरून निदान दोन तास तसाच ठेवायला सांगा. विकणारा 'एवढा वेळ कशाला' म्हणाला तर उत्तर मिळालं. झडपांच्या तळाशी डिंक सुटलाय का बघा.

नावांबद्दल एक खुलासा, जुन्या जाहिरातींत फार घोटाळा होतो. 2018 च्या आधीच्या काईटवर 'नॉर्थ' लिहिलं असेल तर ते आजच्या ड्युओटोनचे पूर्वज. त्यानंतरचं नॉर्थ ही वेगळी कंपनी. सुटे भाग मागवताना हे माहीत नसेल तर पैसे जातात.

खाराखुरा

आणि बार वापरलेला घेऊ नका. कापड फाटलं तर चिकटपट्टी लावून दिवस निघतो. सुटकेचा खटका अडकला तर काय लावाल? तिथे आता आयएसओ 21853 हे मानक आहे, 2020 पासून. नव्या बारवर तेवढं बघून घ्या. वाळू आणि मीठ साचलं तरी भार असताना एका हाताने सुटला पाहिजे, आणि सोडल्यावर काईट एकाच दोरीवर लटकून निपचित पडला पाहिजे. किनाऱ्यावर रोज एकदा सोडून परत जोडायची सवय ठेवा.

दोन बार पुरतील. 9 साठी एक, 22 मीटर दोऱ्यांचा. 5 साठी आखूड दांड्याचा. 7 त्या दिवशी जो बार मोकळा असेल त्यावर. लहान काईट मोठ्या बारवर इतका अंगावर येतो की विचारू नका. आणि चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणून मोजा, पुढच्या आणि मागच्या जोड्या सारख्या हव्यात. काईट एका बाजूला ओढतो म्हणून लोक काईटला शिव्या देतात, दोष बहुतेक वेळा ताणल्या गेलेल्या दोरीचा असतो.

अनुस्वार

बोर्डाचं राहिलं. गोव्यात 142-143 सेंटिमीटरचा रुंद बोर्ड वापरला असेल ना? कमी वाऱ्यात रुंदी हवीच, तीच तर पाण्यावर उचलून धरते. 22 नॉटला काईट जोर पुरवतो, मग रुंद बोर्ड पाण्यावर थपडा खात उडतो आणि कड पाण्यात रुतवायला पाय दुखतात. 78 किलोला 136-138 लांब, 41 च्या आसपास रुंद. बायकोला 132 × 39.

जलपरी_ठाणे

आणि बोर्डाखालचे पंख लहान घ्या, लगूनमध्ये जागोजागी कमरेएवढंच पाणी आहे. फॉईल बोर्ड (खाली लांब दांडा आणि पंख असलेला) तर ल मोर्नच्या आतल्या पाण्यात नकोच, खालचा दांडा प्रवाळात अडकला की बोर्ड थांबतो आणि माणूस पुढे जातो. शिवाय प्रवाळही मोडतं. पातळ तळव्याचे पाण्यातले बूट मात्र न्याच, समुद्री साळींदरं (सी अर्चिन, काटेरी) आहेत.

मोरिशसवासी

बुटांना दहा वेळा अनुमोदन.

आणि गरम कपडे! भारतातून येणारे पाहुणे 'उष्ण कटिबंध आहे' म्हणून नुसती चड्डी-बनियन घेऊन येतात. ऑगस्टमध्ये पाणी 22-23 अंशांवर असतं, वर सतत 20 नॉटचा वारा ओल्या अंगावर. दीड तासात दात वाजतात. 2 मिलिमीटरचा अर्ध्या बाह्यांचा वेटसूट आणा. आंतिसिक्लोनबरोबर सरी येतात, त्या पाच मिनिटं झोडपून जातात. अशी काळी सर वाऱ्याच्या दिशेने येताना दिसली की काईट खाली घ्या. सरीच्या पुढच्या कडेला वारा एकदम चढतो आणि ती गेल्यावर बऱ्याचदा मरतो, मग दोऱ्या गुंडाळत पोहत या.

अवांतर: तुमच्या मुक्कामात गणेश चतुर्थी येत असेल तर इकडे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. मराठी मॉरिशियन मंडळी कितीतरी पिढ्यांपासून गणपती बसवतात, पूर्वज कोकणातून आलेले. विसर्जनाला सार्वजनिक किनाऱ्यांवर माणसंच माणसं. त्या दिवशी काईट जमिनीवर ठेवा आणि मिरवणुकीत या, मोदक मी देतो.

उनाडपक्षी

मोदकांसाठी विमानाचं तिकीट बदलेन! हार्नेसबद्दल कोणी काही लिहिलंच नाही.

खाराखुरा

कारण ते लिहून सांगता येत नाही. दुकानात जा, कमरेला बांधा, हुकाला दोरी अडकवून कोणालातरी दहा मिनिटं ओढायला लावा. वर सरकून बरगडीत घुसला तर तो तुमचा नाही, कितीही महाग असो. सतत वाऱ्याच्या जागी हार्नेस कापडापेक्षाही महत्त्वाचा, कारण गोव्यात दुपारचे दोन तास खेळता, इथे सकाळपासून. पाठीला कडक कवच असलेला घ्या. पैसे वाचवायचे असतील तर 9 आणखी एक वर्ष जुना घ्या, हार्नेस नवा.

डच_काका

मी मागे ब्राझीलला गेलो होतो, सेआरा राज्यात, कुम्बुकोला. खरे न थांबणारे व्यापारी वारे बघायचे असतील तर ते तिथे. ऑगस्ट ते डिसेंबर रोज येणार, तोही समुद्री वाऱ्याची भर घेऊन, आणि मधे डोंगर नाही. तिथे 9 आणि 7 डोळे मिटून. पाणीही कोमट. उनाडपक्षी, तुमची ही जोडी पुढेमागे तिथे जशीच्या तशी चालेल.

वाचनमात्र

काका, बजेट मर्यादित आहे म्हणालेत ते :)

उनाडपक्षी

7 नवा बुक केला, तीन नळ्यांचा. 5 चा एक वापरलेला मिळतोय, दोन तास भरून ठेवला, अजून ताठ आहे. कापड कुरकुरतंय. बार दोन्ही नवे. 9 अजून सापडत नाहीये. एक 2016 चा नॉर्थ आहे, स्वस्त, कापड बरं वाटतंय. घेऊ?

डच_काका

बार वेगळा नवा आहे ना? मग त्या काईटला दोऱ्या कुठे जोडतात ते बघा. मागच्या दोऱ्यांना गाठ आणि पुढच्यांना फास, की उलट, हे कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतं. तो प्रश्न दहा मिनिटांत सुटतो, जोडदोऱ्या बदलून. पण तेवढा जुना काईट असेल तर आतल्या फुग्याच्या झडपा बदलायला सांगा आणि किंमत त्या हिशेबाने पाडा. ऑगस्टपर्यंत वेळ आहे, मी असतो तर आणखी महिनाभर शोधलं असतं.

मोरिशसवासी

सापडला नाही तर तसेच या. 9 इथे भाड्याने सगळ्यात जास्त मिळणारा आकार आहे, कारण सगळ्यांना तोच लागतो. फक्त आंतिसिक्लोनच्या पहिल्या दिवशी सकाळी लवकर जा, त्यानंतर शाळेत नुसते 12 उरलेले असतात.